पहिल्या चमच्यापासून घरच्या पातेल्यापर्यंत

बाळाचा जन्म 12 ऑगस्ट 2024चा. फक्त आईच्या दुधाचे 180 दिवस भरत होते 8 फेब्रुवारी 2025ला, शनिवारी. आणि आईची बाळंतपणाची रजा संपून सोमवारी, 10 तारखेला, कामावर रुजू व्हायचं होतं. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीनंतर रजा 26 आठवड्यांची, म्हणजे 182 दिवसांची झाली. सगळी रजा प्रसूतीच्या दिवसापासून धरली, तर वरचं खाणं सुरू करायला आईच्या हातात दोनच दिवस उरतात. आमचं नेमकं तेच झालं, म्हणून सकाळचं पातेलं माझ्याकडे, म्हणजे बाळाच्या बाबाकडे, आलं. पुढचे सहा महिने काय केलं, काय बिघडलं, किती खर्च आला ते तारखांसकट लिहून ठेवलं होतं. ती वही समोर ठेवूनच हे लिहितोय.

डिसेंबरात पहिला प्रश्न उष्टावणाचा निघाला. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, पाचव्या नाहीतर सातव्या, असा आमच्याकडे रिवाज. पाचवा महिना 12 डिसेंबरला लागला आणि आजीने पंचांग काढलं. महिना 'लागणं' आणि महिना 'भरणं' यांत एका महिन्याचा फरक असतो हे बोटं मोजून दाखवल्यावर वाद मिटला. पाचवा लागतो तेव्हा बाळाचे चारच महिने भरलेले असतात. सातवा लागतो तेव्हा सहा भरतात. म्हणजे सातवा महिना रिवाजातही बसतो आणि सहा महिने फक्त आईचं दूध या जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यातही. 16 फेब्रुवारीचा रविवार मामाला सोयीचा होता, तो ठरला. मुलगा असेल तर सम महिना धरतात. तिथे सहावा लागला म्हणून घाई करू नका, आठवा धरा.

नाचणीची तयारी 18 जानेवारीला सुरू केली. घरी करायचं असेल तर पहिल्या चमच्याच्या तीन आठवडे आधी लागा, कारण पहिला घाणा फुकट जाऊ शकतो. आमचा गेला. एक किलो नाचणी, 55 रुपये. पाच-सहा पाण्यांत धुतली, पण नुसतं धुऊन भागत नाही, रोळावी लागते. परातीत पाणी घालून गोल हलवत दाणे वरच्यावर दुसऱ्या भांड्यात ओतायचे, खडे तळाशी राहतात. नाचणीचा दाणा मोहरीएवढा, त्यात तेवढाच खडा डोळ्याला दिसत नाही आणि दळल्यावर पिठात कचकच येते. दहा-बारा तास भिजवली, मधे एकदा पाणी बदललं, मग पंच्यात घट्ट बांधून डब्यात झाकून ठेवली. तिथेच चुकलं. घट्ट गाठोड्याला हवा लागली नाही, थंडीमुळे मोड उशिरा आले आणि छत्तीस तासांनी उघडलं तेव्हा बुरसट, आंबूस वास. सगळं टाकलं.

25 तारखेला पुन्हा. या वेळी गाठोडं सैल बांधून चाळणीवर ठेवलं, दर सहा-सात तासांनी पाण्याचा हबका मारला आणि दाणे वरखाली केले. तीस तासांनी पांढरा दोरा दिसू लागला. मोड दाण्याएवढा झाला की थांबायचं. त्याहून वाढला की पीठ कडसर लागतं. मग सुती साडीवर पातळ पसरून दोन दिवस उन्हात. दाणा दाताखाली कट् असा तुटला म्हणजे वाळला. नुसता दबला तर आत ओल आहे, तो डब्यात महिनाभरात बुरसतो. वाळल्यावर दोन तळहातांत चोळून मोड आणि कोंडा पाखडून काढला, मंद आचेवर आठ मिनिटं भाजला.

दळण ही वेगळी परीक्षा. गिरणीत आधीचं पीठ जात्यात अडकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते गव्हाचं. पहिल्याच आठवड्यात बाळाला नकळत गहू जायला नको असेल, तर "तांदळावर दळून द्या" असं सांगावं लागतं. गिरणीवाले किलोच्या खाली घेत नव्हते, म्हणून आधी अर्धा किलो घरचे तांदूळ आणि त्यावर नाचणी असं नेलं. वीस रुपये. त्या तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या आम्ही खाल्ल्या. मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ केल्यावर किलोचं साधारण 680 ग्रॅम पीठ राहिलं. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये.

इथे शब्दाचा घोळ आहे. कोकणात ज्याला सत्त्व म्हणतात ते वेगळं: मोड आलेली नाचणी पाण्यात वाटायची, कापडातून गाळायची, पांढरा साका तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून साका वाळवायचा. ते मऊ असतं, पोटाला हलकं असतं, गुठळ्या होत नाहीत. पण चोथ्याबरोबर नाचणीतला लोह आणि कॅल्शियमचा बराच वाटाही जातो आणि हातात मुख्यतः पिष्ट उरतं. "नाचणीत कॅल्शियम फार" हे म्हणणं अख्ख्या दाण्याबद्दल खरं आहे, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. साक्याला तो आकडा लावू नका. आम्ही वस्त्रगाळ पीठ वापरलं.

5 फेब्रुवारीला डॉक्टरांकडे. वजन 7.1 किलो. त्यांनी बाळाला मांडीवर बसवून तीन गोष्टी पाहिल्या: मान स्थिर राहते का, टेकून बसते का, आणि ओठाला चमचा लावल्यावर जीभ तो बाहेर ढकलते का. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. जीभ ढकलत असेल तर बाळाला आवडलं नाही असा अर्थ घरचे काढतात, प्रत्यक्षात ती लहान बाळाची प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि हळूहळू सुटते. कशा-कशाला वर्षभर हात लावायचा नाही तेही त्यांनी सांगितलं: मध अजिबात नाही, कारण त्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढतात. वरून मीठ नाही. साखर दोन वर्षांपर्यंत नाही. गूळही साखरेतच धरा, हे त्यांनी आजीकडे बघून सांगितलं. तपासणी फी 500 रुपये. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाचा ठिपका मारून घ्या, दवाखान्यात बऱ्याचदा राहून जातो.

8 फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ. वेळ मुद्दाम सकाळची: काही त्रास झाला तर दिवसभर लक्ष राहतं, दवाखाना उघडा असतो. बाळ आदल्या दुधानंतर तासाभराने, म्हणजे फार भुकेलेलंही नको आणि तट्ट भरलेलंही नको. एक मोठा चमचा पीठ, साधारण आठ ग्रॅम, आधी पाव वाटी गार पाण्यात कालवलं. गरम पाण्यात टाकलंत की गुठळी झालीच. मग ते उरलेल्या अर्धी वाटी पाण्यात ओतून मंद आचेवर सात मिनिटं सतत ढवळलं. रंग फिक्या तपकिरीवरून गडद चॉकलेटी झाला आणि वर चकाकी आली की शिजलं. कच्चं राहिलं तर पिठूळ वास येतो. उतरवल्यावर अर्धा छोटा चमचा तूप.

किती घट्ट, हा खरा प्रश्न. सगळीकडे पहिल्या दिवशी पाण्यासारखं द्यायची सवय असते. चमचा तिरका केल्यावर पेज पटकन ओघळून न जाता सावकाश घसरली पाहिजे. पाण्यासारख्या पेजेत बाळाचं इवलंसं पोट पाण्यानेच भरतं. शिवाय नाचणी गार होताना घट्ट होत जाते. पातेल्यात बरोबर वाटलेली पेज दहा मिनिटांनी वाटीत खळ होते. त्यामुळे जरा सैल उतरवायची आणि कोमट असतानाच द्यायची. पहिल्या दिवशी दोन छोटे चमचे गेले. त्यातला दीड हनुवटीवर.

दुसऱ्या दिवशी एक विचित्र गोष्ट दिसली. वाटीतली पेज पंधरा मिनिटांत आपोआप पाणी सुटल्यासारखी पातळ झाली. वाटलं नासली. तसं नव्हतं. बाळाच्या तोंडातला चमचा परत वाटीत बुडतो, त्याबरोबर लाळ जाते आणि लाळेतलं अमायलेज हे पाचकद्रव्य पिष्ट तोडतं. म्हणूनच उष्टी वाटी पुन्हा गरम करून दुपारी द्यायची नाही. एका वाटीत चार चमचे काढा, लागलं तर पातेल्यातून स्वच्छ चमच्याने पुन्हा घ्या. पातेल्यातलंही दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका.

हेच अमायलेज मोड आलेल्या धान्यातही असतं आणि त्याचा उपयोग करता येतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी 1980च्या दशकात यावरच काम केलं. मोड आणून वाळवलेलं, न भाजलेलं पीठ पाव छोटा चमचा घ्यायचं. घट्ट शिजवलेली पेज आचेवरून उतरवून वाफ जरा कमी झाली की ते मिसळायचं. पाच मिनिटांत खळीसारखी पेज चमच्यावरून वाहू लागते, धान्य मात्र दुप्पट. मग दोन-तीन मिनिटं पुन्हा उकळी, कारण वरून घातलेलं पीठ कच्चं असतं. आम्ही सगळं पीठ खरपूस भाजल्यामुळे त्यातलं अमायलेज मेलं होतं आणि पेज सारखी घट्ट होत होती. पुढच्या खेपेला मूठभर दाणे न भाजता वेगळे ठेवले. बाळ आजारी असताना, दोन-चार चमचेच खात असेल तेव्हा, ही युक्ती फार उपयोगी पडते.

11 फेब्रुवारीपासून केळं.

आम्ही वसईत राहतो, त्यामुळे वेलची केळी टोपलीवाल्या मावशींकडून मिळतात. अर्धी फणी तेव्हा चाळीस रुपये. जळगावकडची मोठी केळी, म्हणजे बहुतेक ग्रँड नैन जातीची, डझनाला पन्नास. वेलची महाग, पण सोललेलं एक केळं 40-45 ग्रॅमचं, बाळाला अर्धं दिलं की उरलेलं अर्धं कोणाच्याही तोंडात जातं. मोठं केळं शंभराच्या वर जातं, अर्धं काळं पडून फुकट जातं. बाळासाठी दोन्ही सारखीच.

महत्त्वाचा आहे तो पिकलेपणा. टोकं हिरवी असलेल्या केळ्यात न पचणारं पिष्ट भरपूर असतं, त्याने शौच घट्ट होतं. सालीवर तपकिरी ठिपके पडले, देठाजवळ दाबल्यावर बोट जरा रुतलं की ते केळं बाळाचं. त्यामुळे एकाच दिवशी सगळी पिवळी धमक घेऊ नका. दोन ठिपक्यांची, दोन पिवळी, दोन हिरवट अशी निवडून मागा, आठवडा निघतो. "देठ हिरवा आणि साल पिवळी म्हणजे कार्बाइडचं" हा ठोकताळा मात्र फसवा आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला 2011च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. इथिलीन वायूच्या खोलीत पिकवणं चालतं, आणि तिथून आलेल्या केळ्याचाही देठ कधीकधी हिरवाच असतो. ज्या मावशींच्या टोपलीत रोज वेगवेगळ्या पिकलेपणाची केळी दिसतात त्यांच्याकडून घ्यायची, एवढंच आम्ही ठरवलं. सोलण्याआधी केळं धुऊन पुसा. सालीला शंभर हात लागलेले असतात आणि त्याच बोटांनी आपण आतला गर धरतो.

दोन्ही टोकांचा बोटभर भाग काढला, काट्याने कुस्करलं, पहिले तीन दिवस चहाच्या गाळणीच्या मागच्या बाजूने दाबून काढलं. ती गाळणी बाळासाठी वेगळी. मिक्सर नको, त्याने चिकट लगदा होतो आणि टाळूला बसतो. केळं आयत्या वेळी कुस्करा, दहा मिनिटांत काळं पडतं. ते वाईट झालेलं नसतं, पण आजी-आजोबांना पटवत बसावं लागतं.

14 तारखेला बाळ कुंथू लागलं, दोन दिवस शौच नाही. 16ला सकाळी, उष्टावणाच्या गडबडीत, लंगोटात दोऱ्यासारखे काळे तुकडे. घरात एकदम "जंत!" सुरू झालं. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. केळ्याच्या गाभ्यातले तंतू पोटात काळे पडून तसेच बाहेर येतात, छोट्या काळ्या अळ्यांसारखे दिसतात. पाण्यात टाकून बघा: हलत नाहीत, चिमटीत धरले की तुटतात. केळं सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात हे बऱ्याच जणांना दिसतं आणि सांगत कोणी नाही.

बद्धकोष्ठाचं कारण दुसरं होतं. केळं पुरेसं पिकलेलं नव्हतं, सोबत दुपारी तांदळाची पेज, आणि पाणी आम्ही देतच नव्हतो. खाणं सुरू झालं की खाण्यानंतर वाटीने दोन-तीन घोट उकळून गार केलेलं पाणी द्यावं लागतं. तीन दिवस केळं बंद ठेवून पिकलेली पपई दिली, सुटलं.

उष्टावणात मामाने मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतली खीर अंगठीने जिभेला लावली. खिरीत साखर नव्हती, तांदूळ, थोडं दूध आणि कुस्करलेलं केळं होतं. केळ्याने गोडी येते, त्यामुळे कोणाचाच हिरमोड झाला नाही. अंगठी आणि वाटी आधी उकळून घ्या.

या टप्प्यावर वहीत एक हिशोब मांडला आणि त्यानेच पुढचं सगळं बदललं. सहा ते आठ महिन्यांत आईच्या दुधाखेरीज दिवसाला साधारण 200 कॅलरी वरच्या खाण्यातून हव्यात. 15 ग्रॅम नाचणी 50, अर्धा छोटा चमचा तूप 20, अर्धं वेलची केळं 20. एका वेळचे 90, दोन वेळचे 180. छान. पण लोह? बाळाने जन्मताना आणलेला साठा सहा महिन्यांपर्यंत पुरतो, नंतर अन्नातून यायला हवं. केळ्यात ते जवळजवळ नाही. नाचणीत आहे, पण धान्यातल्या फायटेट या घटकामुळे शरीराला थोडंच लागतं. मोड आणल्याने फायटेट कमी होतं, संपत नाही. प्रथिनं दोन वेळचे मिळून जेमतेम अडीच ग्रॅम. म्हणजे नाचणी आणि केळं पोट भरतात, बाळ खूश, आजी खूश, आणि नेमकं जे हवं तेच कमी. केळं सोपं असतं: शिजवायचं नाही, गाळायचं नाही, बाळ तोंड फिरवत नाही. म्हणून ते दिवसातून तीनदा जातं आणि डाळीची, अंड्याची जागा खातं. आम्ही केळं दिवसातून एकदाच, सकाळी, एवढ्यावर आणलं.

18 फेब्रुवारीला अंगणवाडीत गेलो. शहरात राहणाऱ्यांना वाटतं अंगणवाडी आपल्यासाठी नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या कोणत्याही बाळाची नोंद तिथे होते आणि घरपोच आहार मिळतो. सोबत नेलं: आईचं आधार, माता-बाल संरक्षण कार्ड, जन्मदाखल्याची झेरॉक्स आणि आधारला जोडलेला मोबाइल. बाळाचं आधार नव्हतं, अडलं नाही. ओटीपी आईच्या मोबाइलवर आला आणि आई ऑफिसात, म्हणून दोनदा मुदत संपली. आधीच फोन करून ठेवा. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये नोंद झाली, वजन आणि लांबी घेतली. पहिली पाकिटं मात्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. तीन फेऱ्या, रिक्षाचे मिळून 180 रुपये. पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचा. घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, साखर पहिल्या तीन-चारांत असेल तर ते पाकीट मोठ्यांच्या लाडवात घाला. बाळाच्या खाण्याच्या विकतच्या डब्यालाही हाच नियम. मी पाहिला तो 300 ग्रॅमचा डबा पावणेतीनशेच्या घरात होता, त्यात वरून घातलेलं लोह असतं हा त्याचा खरा फायदा. घरची नाचणी त्या बाबतीत त्याची बरोबरी करत नाही.

लोह सरकारी सिरपमधून आलं. सहा महिने पूर्ण झाल्यावर आठवड्यातून दोनदा एक मिलि, त्यात 20 मिलिग्रॅम लोह आणि 100 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. आशाताईंकडून 50 मिलिची बाटली, फुकट. आम्ही बुधवार-शनिवार धरले आणि कॅलेंडरवर खुणा केल्या. दूध पाजल्यावर लगेच देऊ नका, खाण्यानंतर द्या. शौच काळपट होतं, पुन्हा घाबरू नका. बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मलेलं असेल तर मात्रा डॉक्टरच ठरवतील.

मार्चमध्ये एकेक भर पडत गेली. मुगाची डाळ भाजून दळली आणि नाचणीच्या तीन भागांना एक भाग अशी मिसळली. अंडं 10 मार्चला, पूर्ण उकडलेलं, पिवळं आणि पांढरं दोन्ही, पाव छोट्या चमच्यापासून. शेंगदाणे अख्खे किंवा तुकडे कधीच नाहीत, चार-पाच वर्षांपर्यंत नाहीत. भाजून, सोलून, वस्त्रगाळ कूट करून पेजेत. आकसलेला, काळपट, खवट दाणा दिसला तर फेका, बुरशीचं विष भाजून जात नाही. नवीन पदार्थ सकाळी, एकावेळी एकच. ओठांभोवती गांधी उठल्या, उलट्या झाल्या तर थांबून डॉक्टरांना विचारायचं. आमच्याकडे तसं काही झालं नाही. केळ्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले तर काळं पडत नाही, आणि क जीवनसत्त्वामुळे पेजेतलं लोहही जरा जास्त शोषलं जातं.

एप्रिलअखेर गाळणी बंद. आठव्या महिन्यानंतरही सगळं गुळगुळीतच देत राहिलं तर बाळ पुढे कण आला की ओकारी काढतं. केळं सोलून टोकाला बोट मधोमध दाबलं की ते आपोआप तीन लांब फाकांत उकलतं. ती फाक बाळाच्या मुठीत बसते. गोल चकत्या देऊ नका, त्या नेमक्या घशाच्या मापाच्या असतात. फाक हातातून निसटते, म्हणून शेंगदाण्याच्या कुटात किंवा भाजलेल्या नाचणीच्या पिठात घोळवायची. पहिल्यांदा बाळ ठसकलं तेव्हा हातपाय गार पडले माझे. आवाज करत, लाल होऊन, खोकत असेल तर ते स्वतः सांभाळतं, बोट घालू नका. आवाज बंद, चेहरा निळा, तर ते गुदमरणं: हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाब. हे आधी कोणाकडून तरी करून शिकून घ्या. खाताना बाळ बसलेलंच हवं, आणि समोर माणूस हवा.

13 मेला नऊ महिन्यांच्या लसी: गोवर-रुबेला, न्यूमोनियावरच्या न्यूमोकोकल लसीचा शेवटचा डोस, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ चे एक लाख युनिट, तोंडाने. वजन 8.3. ठिपका हिरव्या पट्ट्यात.

तोपर्यंत सकाळी दोन पातेली चढत होती, एक बाळाचं, एक आमचं. ते परवडेना, कारण सहा पन्नासची लोकल. मेपासून एकच. तीन मोठी माणसं आणि बाळ: नाचणीचं पीठ सहा मोठे चमचे, मुगाचं दोन, पाणी चार वाट्या, दहा मिनिटं. आधी बाळाची अर्धी वाटी काढायची, त्यात तूप आणि केळं. मग उरलेल्यात मीठ, पाणी वाढवून पातळ करायचं, कोमट झाल्यावर ताक, ठेचलेला लसूण. आमची आंबील. ताक गरम पातेल्यात ओतलं तर फाटतं. एक दिवसाआड लापशी रवा: एक वाटी रवा तुपावर परतून चार वाट्या पाणी, कुकरच्या तीन शिट्ट्या. बाळाचं काढून मग आमच्यात दूध, गूळ, केळ्याचे काप. ओट्स असतील तर साधे, चव घातलेल्या पाकिटात मीठ आणि साखर दोन्ही असतात.

मका-फ्लेक्सचा डबा आमच्याही घरात आहे. दूध आणि केळं घातलं की मोठ्यांचा नाश्ता होतो, पण बाळाला एक पापुद्राही नाही. कडेला टोकदार, भिजला की टाळूला चिकटतो. त्याऐवजी ज्वारीच्या लाह्या आणल्या. आम्ही दुधात घेतल्या, बाळासाठी दळून, चाळून. चाळणं सोडू नका, लाहीचं टरफल घशाला टोचतं. लाह्या आधीच फुटलेल्या, त्यामुळे पीठ शिजवावं लागत नाही. कोमट पाण्यात कालवलं, केळं कुस्करलं, दोन मिनिटांत तयार. प्रवासात डब्यातून हेच नेलं. वसईजवळच्या आगाशीची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, कोणीतरी आणून दिली होती, ती बाळाला अजून दिलेली नाही. दाताला चिकटतात, दात आहेतच चार.

जुलैपासून घरपोच आहार घेताना आईचा चेहरा ॲपमध्ये जुळवावा लागला, कारण नोंद तिच्या आधारवर होती. माझा चालला नाही. पहिल्या खेपेला मी रिकाम्या हाताने आलो. दुसऱ्या खेपेला आई अर्धी सुट्टी टाकून आली तर नेटवर्क नव्हतं. तिसऱ्यांदा, सेविकाताईंनी दरवाजाबाहेर उजेडात उभं केलं आणि लगेच जुळला. चष्मा काढून, उजेडाकडे तोंड करून उभं राहा.

ऑगस्टच्या सुरुवातीला बरणीचा तळ दिसला आणि पुन्हा नाचणी भिजवली. पावसात मोड बावीस तासांतच आले, पण वाळेना. ऊन नाही, हवेत ओल. पंख्याखाली पातळ पसरून तीन दिवस, तरी दाणा दाताखाली दबतच होता. शेवटी ओव्हनमध्ये 60 अंशांवर दोन तास, दार बोटभर उघडं ठेवून, मधे दोनदा हलवून. मग कट् वाजला. पुढच्या वेळी पावसाळ्याचं पीठ मे महिन्यातच काढून ठेवणार आहे.